डिलाईल रोडची कुंडी आणि आपले पाचट



मुंबईचा डिलाईल रोड, म्हणजे आताचा ना. म. जोशी मार्ग, ऊसपट्ट्यातल्या गावांना परका नाही. घरटी कोणी ना कोणी तिथल्या गिरणीत असायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुष्कळजण गावी परतले. तिथल्या बी. डी. डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. परस कुठला? खिडकीत डबा ठेवून तुळस लावायची, झाली शेती.

पण अशा शहरातही भाजी पिकते. अर्थशास्त्राचे अभ्यासक डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्र्याला गच्चीवर भाजी व फळझाडे घेतली. माती थोडी, भर सारी उसाच्या चिपाडाची. रसवंतीवाला जे फेकून देतो तेच! चिपाड हलके, त्यामुळे गच्चीवर भार नाही. शिवाय ओल धरते. डबा, बादली, काहीही चालते, फक्त बुडाला भोके हवीत.

आता आपल्याकडे बघा. एकरी तीन-चार टन पाचट निघते. आपण काडी लावतो, आणि मेथीची जुडी आठवडे बाजारातून विकत आणतो! बारमाही पाणी असलेल्या बागायतदाराला हे शोभत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारखान्याचे चिपाड बॉयलरला लागते, ते नको. पाचटच पुरे. मात्र कच्चे पाचट मातीत मिसळू नका. ते कुजताना मातीतला नत्र ओढून घेते आणि रोपे पिवळी पडतात. आधी खड्ड्यात कुजवा. एक टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक शेणकाल्यात कालवून थराथरावर शिंपडा. ओल कायम ठेवा, अधूनमधून उलथापालथ करा. काळे, भुसभुशीत झाले की वाफ्यात घाला. कच्चे पाचट वर नुसते अंथरायला मात्र चांगले. तण दबते, पाणी वाचते.

मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू. पपई तिथे नको, पाणी साचले की बुंधा कुजतो. गोठ्याच्या छपरावर दुधी, घोसाळी चढवा. कोपऱ्यात शेवगा, कढीपत्ता, कागदी लिंबू. मेथी महिन्याभरात काढणीला येते, म्हणून सगळी एकदम पेरू नका. दर आठवड्याला एक वाफा पेरला की घरात खंड पडत नाही.

एक गोष्ट बजावून सांगतो. उसातल्या तणावर आपण टू-फोर-डी मारतो. वाऱ्याने त्याचे तुषार परसात आले तर टोमॅटो, वांगी, भेंडी यांची पाने आकसतात, झाड वाकडेतिकडे होते. वारा पडल्यावरच फवारा. तो पंप भाजीला वापरू नका. शेजाऱ्याचा पंप मागून आणत असाल तर त्यातून आधी काय मारले होते ते विचारून घ्या.