नवी कोरी चॅसी वाकडी का निघते?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. माझ्या मुलाला स्लॉट कार रेसिंगचा नाद लागला आहे. वाढदिवसाला त्याच्या मामाने त्याला १:३२ मापाची नवी गाडी घेऊन दिली. मुलाने बॉडी उघडून, सगळे सुटे भाग काढून नुसती चॅसी काचेच्या टेबलावर ठेवली, तर तिचा एक कोपरा टेकतच नाही. क्लबमधले एक काका म्हणतात, गरम पाण्यात घालून सरळ करून घे. त्याच्या बाबांचे म्हणणे, सँडपेपरवर घासली की काम झाले. मला दोन्हींची धास्ती वाटते. कोरी वस्तू वाकडी निघतेच कशी? आणि या दोघांपैकी ऐकायचे कोणाचे?

उत्तर : तुमच्या पत्रात खरे तर तीन प्रश्न आहेत. नवी चॅसी वाकडी का असते, असली तर त्याने बिघडते काय, आणि सरळ करायची तर कशी? क्रमाने पाहू. पण त्याआधी एक सांगतो : गाडी बदलून आणायची घाई करू नका. दुसरी आणलीत तरी तीही थोडीफार अशीच निघण्याचा संभव आहे.

हा खेळ न पाहिलेल्या वाचकांसाठी दोन ओळी. ट्रॅकवर प्रत्येक गाडीसाठी एक अरुंद खाच असते आणि खाचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या असतात. गाडीच्या नाकाखालचे प्लॅस्टिकचे पाते त्या खाचेत उतरते आणि गाडीला दिशा देते. त्याला गाईड म्हणतात. गाईडच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या बारीक तारा विणून केलेल्या मऊ पट्ट्या असतात. त्या ट्रॅकवर घासत मोटरला वीज पोचवतात. खेळणाऱ्याच्या हातात उरतो तो फक्त वेग. ब्रिटनमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी आपल्या पत्र्याच्या चावीवरच्या गाड्यांना विजेची मोटर जोडली आणि १९५७ साली ‘स्केलेक्स्ट्रिक’ या नावाने त्या लोकांपुढे आणल्या. तेव्हापासून हा खेळ घरोघरी गेला. त्या पहिल्या गाड्या पत्र्याच्या होत्या. आजच्या बहुतेक गाड्यांची चॅसी साच्यातून काढलेली प्लॅस्टिकची असते, आणि तुमच्या कोड्याचे मूळ त्या साच्यात आहे.

चॅसी वाकते कशी? वितळलेले प्लॅस्टिक मोठ्या दाबाने पोलादी साच्यात भरतात. थंड होताना ते आकसते. चॅसीसाठी अनेकदा वापरले जाणारे नायलॉन साधारण एक ते दीड टक्का आकसते. म्हणजे १२ सेंटिमीटर लांबीच्या तुकड्यात हा हिशेब मिलिमीटरभराहून जास्त भरतो. सगळीकडे सारखेच आकसले असते तर काहीच अडचण नव्हती, कारण तेवढा वाढावा धरूनच साचा तयार करतात. पण चॅसी सगळीकडे सारख्या जाडीची नसते. स्क्रूच्या भोकांभोवतीची कड, मोटरची बैठक, मजबुतीसाठी दिलेल्या उभ्या पट्ट्या हे भाग जाड असतात. बाकीचा तळ पातळ असतो. पातळ भाग आधी घट्ट होतो आणि जाड भाग त्यानंतरही आकसत राहून त्याला ओढतो. साच्यात असेपर्यंत ही ओढ दबून राहते. तुकडा बाहेर पडला की ती मोकळी होते आणि चॅसी किंचित वाकते. यात कामगाराचा हलगर्जीपणा नसतो. हा त्या पदार्थाचा आणि त्या आकाराचा स्वभाव आहे.

यात आणखी दोन कारणांची भर पडते. नवी गाडी पुष्कळदा पारदर्शक डब्याच्या तळाला स्क्रूने आवळलेली येते. तो तळ सपाट नसला, तर महिनोन्महिने ताणाखाली राहून प्लॅस्टिक तोच आकार धरते. दुसरे कारण बॉडीचे. तिचे स्क्रूचे खांब कमीजास्त उंचीचे असले आणि स्क्रू घट्ट पिळले, तर सरळ चॅसीही वाकते. म्हणून तपासणी आधी नुसत्या चॅसीची करायची, मग चाके बसवून, आणि शेवटी बॉडी लावून. दोष नेमक्या कोणत्या पायरीवर दिसू लागला, त्यावरून दोषी कोण ते कळते. तुमच्या मुलाने पहिली पायरी अगदी बरोबर केली आहे.

वाकडेपणाने बिघडते काय? वाकडेपणा दोन जातींचा असतो. एक म्हणजे बाक : चॅसी लांबीत धनुष्यासारखी वर किंवा खाली झुकते. दुसरा म्हणजे पीळ : पुढचा भाग एका बाजूला कललेला आणि मागचा दुसऱ्या. एकच कोपरा टेकत नाही, याचा अर्थ तुमच्या चॅसीत पीळ आहे, आणि दोहोंत जास्त त्रास देणारा तोच.

कारण असे. तिपाई कितीही खडबडीत जमिनीवर ठेवा, ती डुगडुगत नाही. चार पायांच्या स्टुलाचा एक पाय जरासा तोकडा असला की ते हलते. स्लॉट कार मुळात तिपाई आहे. मागची दोन चाके आणि पुढचे गाईड हेच तिचे तीन पाय. पुढच्या चाकांनी फक्त हलके टेकायचे असते, भार घ्यायचा नसतो. चॅसीला पीळ असला की पुढचे एक चाक गरजेपेक्षा खाली येते आणि स्वतःच चौथा पाय होऊन बसते. मग ते त्या बाजूने नाक उचलते. गाईड खाचेत तिरके उभे राहते, विजेची एक पट्टी ट्रॅकवर पुरेशी दाबून बसत नाही, आणि गाडी कधी अडखळते तर कधी वळणावर खाचेतून बाहेर पडते. एकच गाडी डाव्या वळणावर छान जाते आणि उजव्या वळणावर उडते, असा अनुभव आला तर पिळाची शंका आधी घ्यावी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अनेक गाड्यांच्या पोटाखाली चुंबक असते. ते ट्रॅकच्या धातूकडे ओढले जाते आणि गाडी चिकटून धावते. त्यामुळे ‘चुंबक आहे ना, मग चॅसी कशीही असली तरी चालते’ असे लोकांना वाटते. चुंबक चॅसीला सरळ करत नाही, तिचा दोष झाकून ठेवते. क्लबच्या लाकडी ट्रॅकवर बिनचुंबकाची शर्यत असली की तोच दोष उघडा पडतो.

सँडपेपर का नको? तुमच्या यजमानांचा विचार वरवर पटण्यासारखा आहे : उंच भाग घासून काढला की तळ सपाट. पण चॅसी ताठ नसते, लवचीक असते. कागदावर दाबून घासताना ती बोटांखाली सपाट होते, मग सगळा तळ सारखाच घासला जातो आणि हात काढताच चॅसी आपल्या मूळ वळणावर जाते. न दाबता घासली, तर तळ सपाट दिसेल, पण पीळ तसाच राहील आणि ॲक्सलची भोके जिथे होती तिथेच वाकडी राहतील. चाके ॲक्सलवर असतात, तळावर नव्हे. शिवाय घासलेला भाग पातळ आणि कमजोर होतो, आणि काही शर्यतींच्या नियमांत चॅसीतून प्लॅस्टिक काढायला मनाई असते. तेव्हा सँडपेपर वापरायचा तो कडेला राहिलेली बर (प्लॅस्टिकची बारीक झालर) काढण्यापुरता, आणि चॅसीची कड बॉडीला घासत असेल तर तिथे नियम पाहून किंचित जागा करण्यापुरता.

रात्रभर पुस्तकांच्या ढिगाखाली ठेवण्याचाही उपयोग होत नाही. आतली ओढ कायम असते, त्यामुळे वजन काढले की चॅसी पुन्हा वळते.

गरम पाणी काय करते? क्लबमधल्या काकांचा सल्ला योग्य आहे. कोरडे नायलॉन ५० ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास आतून सैल पडू लागते. त्याच्या लांब साखळ्यांना थोडी हालचाल करता येते आणि अडकून पडलेली ओढ हळूहळू निवते. वितळण्याची भीती मात्र बाळगू नका. नायलॉन वितळते ते २२० अंशांच्या पुढे, आणि पाणी तर १०० अंशांवरच उकळते.

पण नुसते पाण्यात सोडून भागत नाही. मोकळी चॅसी गरम केली तर ती वाटेल तशी वळेल, कदाचित आधीपेक्षा जास्तच. खरी युक्ती दोन गोष्टींत आहे : गरम करताना ती सपाट धरून ठेवायची, आणि पूर्ण थंड होईपर्यंत सोडायची नाही. साच्यात जे घाईने आणि असमान झाले, ते इथे आपण सावकाश आणि सर्वत्र सारखे करून घेतो.

कृती अशी. आधी सगळे सुटे भाग काढले आहेत ना ते पाहा : मोटर, वायरी, गिअर, ॲक्सल, गाईड आणि विशेषतः चुंबक. या गाड्यांत वापरली जाणारी निओडिमियमची चुंबके साधारण ८० अंशांच्या पुढे आपली ताकद कायमची गमावू लागतात. मोटरची बैठक सुटी होत असेल तर ती वेगळी काढून तिचीही तपासणी करा. बॉडी गरम पाण्याच्या जवळपासही नको. तिचे प्लॅस्टिक निराळे असते, आणि रंग, स्टिकर, पारदर्शक काचा यांची हानी होते.

मग धातूची एक जाड, सपाट पट्टी घ्या. जाड काचही चालते, कारण वितळलेल्या कथिलावर तरंगवून केलेली आजची काच फार सपाट असते. पण तिच्यावर एकदम गरम पाणी ओतले तर ती तडकू शकते, म्हणून धातू बरा. चॅसी तिच्यावर पालथी न घालता तळ खाली करून ठेवा आणि कागदांना लावायच्या मोठ्या क्लिपांनी चारही बाजूंनी दाबून धरा. तळाला चुंबकाच्या कप्प्यासारखा एखादा उंचवटा असेल, तर तो पट्टीच्या कडेबाहेर राहील असे पाहा, नाहीतर चॅसी त्याच्याभोवती वाकेल.

पाणी उकळू लागले की गॅस बंद करा आणि बुडबुडे शांत होऊ द्या. ८० अंशांच्या आसपासचे पाणी पुरेसे आहे. त्यात ही जोडी पूर्ण बुडवा आणि दहा मिनिटांनंतरही बाहेर काढू नका, तिथेच पाण्याबरोबर निवू द्या. काही तास लागतील. क्लिपा काढायच्या त्या पाणी हाताला गार लागल्यावरच. गरम पाण्याचा भाग मोठ्या माणसाने करावा, मुलाने शेजारी उभे राहून पाहावे.

चॅसी पुसून, वाळवून पुन्हा काचेवर ठेवा. छपाईचा साधा ८० जीएसएमचा कागद जवळपास ०.१ मिलिमीटर जाड असतो. त्याचा कपटा चारही कोपऱ्यांखाली सरकवून पाहा. कुठेच शिरला नाही तर काम फत्ते. एका कोपऱ्याखाली अजून सहज शिरत असेल, तर कृती पुन्हा करा. मात्र या वेळी वर राहणाऱ्या कोपऱ्याच्या लगतच्या दोन कोपऱ्यांखाली जुन्या व्हिजिटिंग कार्डाचा एकेक तुकडा ठेवा आणि वर राहणारा कोपरा थेट पट्टीपर्यंत दाबा. चॅसी सपाटीच्या किंचित पलीकडे झुकते आणि सुटल्यावर मागे येऊन सपाटीवर थांबते.

जोडणी करताना. जोडलेली गाडी काचेवर नीट बसणार नाही, कारण गाईडचे पाते खाली उतरलेले असते. त्यासाठी खाच असलेला सपाट ठोकळा मिळतो. घरी सारख्या जाडीच्या दोन काचा शेजारी ठेवून मध्ये पाते मावेल एवढी फट सोडली तरी चालते. मागची दोन्ही चाके आणि गाईडच्या पट्ट्या नीट टेकल्या पाहिजेत. पुढच्या चाकांखालून कागद अडखळत का होईना निघाला पाहिजे.

शेवटी बॉडी. इथे बहुतेकांचा हात उलट्या दिशेने वळतो. घट्ट आवळलेले स्क्रू म्हणजे मजबूत गाडी, असे वाटते. पण बॉडीचा जो काही वाकडेपणा असेल तो घट्ट स्क्रूंमधून सरळ चॅसीत उतरतो, आणि दिवसभराची मेहनत वाया जाते. स्क्रू टेकेपर्यंत फिरवा आणि मग अर्धा फेरा उलटा सोडा. बॉडी बोटाने किंचित हलली पाहिजे. असे केल्याने गाडी शांतही धावते, कारण मोटरची थरथर बॉडीत कमी जाते.

हे सगळे प्लॅस्टिकच्या चॅसीचे झाले. १:२४ मापाच्या अनेक शर्यतीच्या गाड्यांची चॅसी पितळेची किंवा पोलादाची असते. ती सपाट ठोकळ्यावर ठेवून हाताने बेताबेताने वाकवून सरळ करतात. तिला गरम पाण्याचा काही उपयोग नाही.

तुमच्या मुलाला एवढेच सांगा : आधी तपास, मग उपाय. कागद कोणत्याच कोपऱ्याखाली शिरत नसेल तर चॅसीला गरम पाणी दाखवायचे कारण नाही. केवळ सगळे करतात म्हणून करू नये. आणि सरळ झालेली गाडी डब्यात ठेवताना तळाचा स्क्रू सैलच ठेवावा. नायलॉन हवेतला ओलावा घेते आणि ताणाखाली हळूहळू आकारही बदलते. म्हणून दर मोसमाच्या सुरुवातीला काच आणि कागदाचा कपटा घेऊन पाच मिनिटे तपासणी करायची सवय त्याला आत्ताच लागू द्या.