ताक थंडावा देते ते कसे?

मे महिन्याच्या दुपारी खेळून घामाघूम होऊन तुम्ही घरी येता. आई मसाला घातलेल्या ताकाचा पेला हातात देते आणि दोन घोट पोटात जाताच जिवाला बरे वाटते. ताक थंड होते, म्हणून अंग थंड झाले, असे आपण सहज म्हणतो. पण हे कितपत खरे आहे?

आधी ताक तर करू. एक वाटी ताजे दही रवीने चांगले घुसळा. तीन वाट्या पाणी घालून पुन्हा घुसळा. त्यात अर्धा लहान चमचा मीठ, तितकीच भाजलेल्या जिऱ्याची पूड, थोडे किसलेले आले, चिमूटभर हिंग, चिरलेली कोथिंबीर व पुदिना घाला. जिलबीच्या पंगतीत वाढतात तो मठ्ठा तयार झाला.

आता हिशोब करू. पेल्यात २०० ग्रॅम ताक आहे आणि ते फ्रिजमधले, म्हणजे ७ अंश सेल्सिअसचे आहे असे धरा. पोटात ते ३७ अंशांपर्यंत तापते. त्यासाठी ते शरीरातून २०० × ३० = ६,००० कॅलरी उष्णता घेते. (ही भौतिकशास्त्रातली लहान कॅलरी; आहारातली कॅलरी हिच्या हजारपट असते.) तुमचे वजन ४० किलोग्रॅम असेल, तर शरीराचे तापमान एका अंशाने उतरवायला सुमारे ३३,००० कॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे थंडगार ताकाने पाव अंशाचाही फरक पडत नाही!

मग थंडावा येतो कोठून? ताकात ९५ टक्क्यांहून अधिक पाणी असते. पेल्यातले १९० ग्रॅम पाणी घाम होऊन त्वचेवर आले आणि सगळे वाळले, असे समजा. त्वचेच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी लागतात. हा बाष्पनाचा अप्रकट उष्मा. १९० × ५८० म्हणजे सुमारे १,१०,००० कॅलरी. पहिल्या आकड्याच्या अठरापट! ताकाचा खरा उपयोग थंडपणात नाही, तर घामासाठी पाणी पुरवण्यात आहे. घामाबरोबर मीठही जाते; ताकातले मीठ ते काही अंशी भरून काढते. पुदिन्याची गंमत निराळी. त्यातले मेन्थॉल तोंडातल्या थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवते. गार वाटते, पण तापमापकातला पारा हलत नाही.

एक अट मात्र विसरू नका. घाम वाळला तरच उष्णता जाते. ठिबकून गेलेला घाम फुकट गेला. म्हणून कोकणातल्या दमट हवेत ३४ अंशांनाही जीव नकोसा होतो. विदर्भाच्या कोरड्या हवेत घाम झटपट वाळतो, पण तेथे पारा ४५ अंशांवर जातो. हवा अंगापेक्षा गरम झाली की तीच अंगाला तापवते, आणि उष्णता बाहेर टाकायला घाम वाळणे हा एकच मार्ग उरतो. घामाला पाणी कमी पडले, की धोका जवळ आला.

हे ज्ञान जीवही वाचवू शकते. उन्हात कोणी बरळू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर त्याच्या तोंडात ताक किंवा पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जाईल. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी शिंपडा, जोराने वारा घाला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. त्याच्या त्वचेवर तुम्ही घामाचेच काम करीत असता.

प्रयोग करून पाहा: प्रयोगशाळेतल्या तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घाला. पारा किती उतरतो? हाच प्रयोग पावसाळ्यात करा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारीशेजारी लिहा. फरक का पडला, ते आता तुम्हीच सांगा.