खांद्याचं ऑपरेशन : घाई कुठे, सबुरी कुठे

आमच्या घरात दोन खांदे दुखले. एक माझा, साताऱ्यात. दुसरा माझ्या धाकट्या दिरांचा, तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागेत. मला ऑपरेशन लगेच करून घ्या असं सांगण्यात आलं, आणि त्याची गरज नव्हती. भाऊजींचं ऑपरेशन वेळेत व्हायला हवं होतं, आणि त्यांना सगळ्यांनी थांबवलं. मी निवृत्त शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. पण हे दोन अनुभव शेजारी शेजारी ठेवले की जे दिसतं, ते खांदा धरून बसलेल्या प्रत्येकाला उपयोगी पडावं.

माझं दुखणं हळूहळू आलं. आधी फळ्यावर वरची ओळ लिहिताना कळ यायची. मग वेणी घालताना हात मागे जाईना, ब्लाउजचे हूक लावायला सूनबाईला हाक मारावी लागे. पुढे त्या कुशीवर झोपही येईना. मला कित्येक वर्षांचा मधुमेह आहे, पण त्याचा खांद्याशी काही संबंध असेल हे मनातही आलं नव्हतं. आळीतल्या बायका वात म्हणाल्या, तेल चोळून झालं, शेक झाला. शेवटी एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये खांद्याच्या कंडरेला अर्धवट फाट आहे, असं आलं. ‘फाट’ म्हटल्यावर माणूस घाबरतोच. दुर्बिणीतून ऑपरेशन करू, हाड थोडं घासून जागा करू, असं सांगून पुढची तारीखही मिळाली.

आमच्याकडे अशा वेळी एकच सल्ला मिळतो : “एकदा मिरजेला दाखवा.” डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे दवाखाना सुरू केला, तेव्हापासून मिरजेची वाट सगळ्यांच्या पायाखालची आहे. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली. माझं कोपर कुशीला टेकवून हात बाहेरच्या बाजूला वळवायला सांगितलं. मला वळेना. मग त्यांनी स्वतः वळवून पाहिला, तरी तो तिथेच अडला. “ताई, हा खांदा फाटल्यामुळे दुखत नाही, आखडल्यामुळे दुखतोय,” ते म्हणाले. सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आकसतं. यालाच फ्रोजन शोल्डर म्हणतात. मधुमेह असलेल्यांना तो बराच जास्त होतो. आधी दुखणं, मग ताठरपणा, मग हळूहळू मोकळं होणं, असा त्याचा क्रम. बहुतेकांना त्यासाठी एक ते तीन वर्षं लागतात.

मग रिपोर्टमधली फाट? ती खोटी नव्हती, फक्त माझ्या दुखण्याचं कारण ती नव्हती. अमेरिकेत १९९५ मध्ये खांदा अजिबात न दुखणाऱ्या ९६ जणांचे एमआरआय काढले होते. त्यातल्या ३४ टक्के लोकांच्या कंडरेत फाट निघाली, आणि साठीपुढच्या लोकांत हे प्रमाण ५४ टक्के होतं. वयाबरोबर केस पिकतात तशी कंडराही झिजते. म्हणून रिपोर्ट वाचून नव्हे, हात तपासून निदान झालं पाहिजे.

हाड घासून जागा करण्याबद्दलही मी नंतर वाचलं. ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांत ३१३ रुग्णांवर एक चाचणी झाली. काहींचं खरं ऑपरेशन केलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून काढली, काहींना काहीच केलं नाही. २०१८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आला : खरं ऑपरेशन आणि नुसती दुर्बीण यांत रुग्णाला जाणवेल असा फरक नव्हता. फिनलंडमधल्या चाचणीतही असंच दिसलं. २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तज्ज्ञांच्या गटाने हात वर करताना होणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी हे ऑपरेशन करू नये, अशी ठाम शिफारस केली. आखडलेल्या खांद्यावर २०२० मध्ये ५०३ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात तीन उपचार होते : दुर्बिणीतून आवरण मोकळं करणं, भूल देऊन खांदा फिरवणं, आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी. वर्षभरात तिन्ही गटांतले लोक सुधारले, आणि कुठलाच उपचार ठळकपणे सरस ठरला नाही. म्हणजे ऑपरेशन कुचकामी असं नाही, पण पहिली पायरी ते नव्हे.

मी सांध्यात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन घेतलं. त्याने काही दिवस साखर चढते, हे आधीच सांगितलेलं असल्यामुळे घरी तपासत राहिले. कळ उतरल्यावर साताऱ्यात फिजिओथेरपी सुरू केली. दाराच्या चौकटीला दोरी-पुली, भिंतीवर बोटांनी चढत जाणं, काठी धरून हात बाजूला नेणं. व्यायामानंतरचं दुखणं दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर व्यायाम कमी करायचा, हा नियम पाळला. आता वरच्या फळीवरचा डबा निघतो, झोप लागते. हात पाठीमागे अजून पूर्वीइतका जात नाही, हेही सांगायला हवं.

आता भाऊजींचं. द्राक्षबागेत हात कायम डोक्याच्या वर. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मग विरळणी, घड द्रावणात बुडवणं. हंगामात कुणाचा खांदा दुखत नाही? म्हणून खांद्याच्या तक्रारीकडे कुणी फारसं बघत नाही. भाऊजी मोटारसायकलवरून हातावर पडले. एक्स-रेत हाड मोडलेलं नव्हतं, सगळ्यांना हायसं वाटलं. “मुका मार आहे, बसेल खाली,” असं ठरलं. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांचा हात वर जाईना. दुसऱ्या हाताने उचलून ते तो मांडवाच्या तारेपर्यंत न्यायचे. एक्स-रेत हाड दिसतं, कंडरा दिसत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. हाडवैद्याकडे मालिश झालं, पट्टे झाले, दुखणं मारणारी इंजेक्शनं झाली, आणि छाटणीचा हंगामही उरकला. बऱ्याच उशिरा सांगलीत एमआरआय झाला. कंडरा हाडापासून पूर्ण सुटून मागे सरकली होती आणि स्नायूची जागा चरबीने घ्यायला सुरुवात केली होती. सर्जननी स्पष्टच सांगितलं की लवकर आला असता तर नीट टाके पडले असते, आता जमेल तेवढं जोडू. ऑपरेशनने रात्रीचं दुखणं गेलं, पण हात खांद्याच्या वर जोर धरत नाही. छाटणीला आता मजूर लावावे लागतात.

या दोन खांद्यांतला फरक घरीही ओळखता येतो. हात सैल सोडा आणि दुसऱ्या कुणाला तरी तो सावकाश उचलायला सांगा. त्यांच्याने उचलूनही तो मध्येच अडत असेल, तर खांदा आखडला असण्याची शक्यता जास्त. त्यांच्या हाताने वर जातो पण स्वतःच्या ताकदीने जात नाही, सोडला की खाली पडतो, तर कंडरा सुटली असेल. यावरून निदान करू नका, पण डॉक्टरांना हे नेमकं सांगा.

घाई करायची ती इथे : पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हाताची ताकद अचानक गेली असेल, तर एक्स-रे चांगला आला म्हणून गप्प बसू नका. काही आठवड्यांच्या आत हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, सोनोग्राफी किंवा एमआरआयबद्दल विचारा. सांधा लाल, गरम होऊन ताप आला, खांदा निखळला, किंवा हाताला मुंग्या येऊन बोटांची पकड सुटू लागली, तर त्याच दिवशी जा. डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण आणि घाम असेल, तर खांद्याचा विचार सोडा आणि थेट दवाखाना गाठा.

इतर बहुतेक वेळा सबुरी धरता येते. मार न लागता वयोमानाने कंडरा पूर्ण फाटलेल्या ४५२ जणांना अमेरिकेत व्यायामाचा ठरावीक कार्यक्रम दिला होता. दोन वर्षांनंतर त्यांतल्या सुमारे पाऊण लोकांना ऑपरेशन करावं लागलेलं नव्हतं. मात्र सबुरी म्हणजे नुसतं बसून राहणं नव्हे. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली निदान तीन महिने नेटाने व्यायाम करायचा. चार दिवस शेक घेतला म्हणजे फिजिओथेरपी झाली नाही. तेवढ्यावर ‘व्यायामाने फरक पडला नाही’ म्हणून ऑपरेशनला जाऊ नये. आराम पडतो म्हणून इंजेक्शनंही पुन्हा पुन्हा घेऊ नयेत.

तरीही ऑपरेशन सुचवलं, तर डॉक्टरांना शांतपणे विचारा : माझ्या दुखण्याचं नेमकं कारण काय? तुम्ही आत काय करणार, शिवणार, सोडवणार की घासणार? सहा महिने थांबलो तर नुकसान होईल का? माझ्या वयात आणि साखरेत जखम भरण्याची खात्री किती? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं असेल तर जुना रिपोर्ट आधी पुढे करू नका, हात तपासून घ्या, मग फिल्म दाखवा.

खर्चात कंडरा शिवायच्या अँकरची किंमत धरली आहे का ते लेखी घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना भरती होण्याआधी विचारा. कंडरा शिवली तर चार ते सहा आठवडे हात झोळीत राहतो आणि जड कामाला सहा महिने तरी लागतात. तेव्हा फळछाटणी, ऊसतोड, घरातलं लग्न, सगळं बघून तारीख ठरवा. पण पडल्यामुळे कंडरा सुटली असेल, तर हंगामासाठी तारीख पुढे ढकलू नका. मजूर एका हंगामापुरते लावता येतात, मागे सरकलेली कंडरा मात्र तुमच्या हंगामाची वाट बघत नाही.