बदल टिपणारा कॅमेरा आणि लेसरचा त्रिकोण

‘हे त्रिकोण पुढे कोठे उपयोगी पडतात?’ हा प्रश्न भूमितीच्या तासाला आम्हांस नेहमी विचारला जातो. ऊसतोडीच्या हंगामात आईवडील परगावी असताना केजमध्ये राहून शिकणाऱ्या मुलांना त्याचे नेमके उत्तर मिळाले पाहिजे, म्हणून हा पाठ.

मैदानावर १० मीटर अंतराने दोन खुंट्या रोवाव्यात. त्यांना जोडणारी रेषा हा त्रिकोणाचा पाया. दोन्ही खुंट्यांपासून समोरच्या कडुलिंबाकडे ८० अंशांचे कोन झाले, तर झाड पायापासून सुमारे २८ मीटर दूर आहे. दोन्ही कोन चुकून ८१ अंश मोजले गेले, तर हेच अंतर साडेएकतीस मीटर येते. एका अंशाच्या चुकीने तीन मीटरांचा फरक पडतो.

लेसरने खोली मोजताना हेच घडते. एका खुंटीच्या जागी लेसर, दुसरीच्या जागी कॅमेरा. लेसरचा ठिपका दृश्यावरून ओळीओळीने फिरतो. साधा कॅमेरा सेकंदाला सुमारे ३० चित्रे घेतो. वेगाने धावणारा ठिपका कोणत्या क्षणी कोठे होता, हे त्यास सांगता येत नाही. इव्हेंट कॅमेरा पूर्ण चित्र घेतच नाही. ज्या पिक्सेलवरील उजेड बदलतो, तेवढाच पिक्सेल आपली जागा आणि वेळ कळवितो, तीही मायक्रोसेकंदांच्या हिशोबात. वेळेवरून लेसरचा कोन समजतो, जागेवरून कॅमेऱ्याचा. पाया ठाऊक असतोच. त्रिकोण पूर्ण होतो.

२०१५ मध्ये मात्सुदा, कॉसेअर व गुप्ता यांनी ही जोडणी मांडली. मात्र वेळ कळविताना पिक्सेल किंचित मागेपुढे होतात आणि वेळेतील चूक म्हणजे कोनातील चूक. २०२१ मध्ये झुरिच विद्यापीठातील मानसी मुगळीकर यांनी गायेगो व स्कारामुझ्झा यांच्यासह यावर उपाय शोधला. प्रत्येक पिक्सेलची नोंद सुटी न घेता शेजारच्या नोंदींशी ताडून पाहावी, असा तो उपाय. अवघ्या १६ मिलिसेकंदांत लेसर संपूर्ण दृश्यावरून फिरतो आणि इव्हेंट कॅमेऱ्याच्या पूर्वीच्या पद्धतींच्या तुलनेत चूक सरासरी ८३ टक्क्यांनी घटते.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या लेखात मुगळीकर व सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. दृश्यातील हलत्या कडा सरासरी दहा टक्क्यांहून कमी भाग व्यापतात. लेसर तेवढ्यावरच फिरविला, तर प्रकाशासाठी लागणारी बरीचशी वीज वाचू शकते. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रमानवास ही बचत मोलाची आहे.

दोन खुंट्या, दोरी आणि कोनमापक एवढ्या साहित्यावर हा पाठ कोणत्याही मैदानावर करता येतो. पालकांनी सुटीत मुलांकडून तो अवश्य करवून घ्यावा, ही विनंती.