सेकंडहॅण्ड इलेक्ट्रिक मोटरसायकल : बॅटरी आणि डॅशबोर्डची ओळख

पेट्रोलची जुनी मोटरसायकल घेताना काय बघायचं, हे आपल्याकडे कोणीही सांगू शकतो. किक मारा, इंजिनाचा आवाज ऐका, सायलेन्सरचा धूर बघा, ऑइल काढून बोटावर घासून बघा. गल्लीतला मेकॅनिक तर नुसता कान देऊन "पिस्टन गेलाय" असं सांगून मोकळा होतो. इलेक्ट्रिक मोटरसायकलीची गंमत अशी की, तिथे ना धूर ना आवाज. समोर असतो एक डॅशबोर्ड आणि त्यावर बॅटरीची टक्केवारी. विकणारा म्हणतो, "बघा, शंभर टक्के चार्ज दाखवतेय, बॅटरी एकदम नवीनसारखी आहे." तो खोटं बोलत असतो असं नाही. पण त्या शंभर टक्क्यांचा अर्थ काय, हे त्यालाही ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यालाही.

मी गेल्या वर्षी कल्याणच्या एका गृहस्थांकडून रिव्होल्ट आरव्ही ४०० घेतली. घर डोंबिवलीला, होस्टेल ठाण्यात; शनिवारी घरी आणि सोमवारी परत, शिवाय मध्येच एखादी चक्कर. तेव्हापासून पार्किंगमध्ये "रेंज किती देते?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं असं ठरवलं. आपल्यापैकी बरेच जण हल्ली अशी जुनी गाडी बघतायत. गाडीतला सगळ्यात महाग सुटा भाग म्हणजे बॅटरी. तिथे फसलात, तर घरून आणलेले पैसे गेले म्हणून समजा.

आधी बॅटरी म्हणजे काय ते बघू

आरव्ही ४०० ऑगस्ट २०१९ मध्ये बाजारात आली. तिची बॅटरी ७२ व्होल्टची, ३.२४ किलोवॅट-अवर क्षमतेची. ३२४० ला ७२ ने भागा, ४५ अँपिअर-अवर येतात. आता ७२ व्होल्ट कुठून आले? लिथियम-आयन सेलचा सरासरी व्होल्टेज साधारण ३.६ असतो. असे २० सेल सिरीजमध्ये जोडले की ७२. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे पॅक ८४ व्होल्टला. रिकामा होताना सेल ३ व्होल्टच्या आसपास येतो, म्हणजे पॅक ६० च्या जवळ. एकट्या सेलला एवढा करंट देणं झेपत नाही, म्हणून प्रत्येक पायरीवर अनेक सेल पॅरलल जोडतात. पहिल्या वर्षाच्या बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये आपण जे शिकलो, तेच इथे डब्यात भरलेलं आहे.

या डब्यावर एक पहारेकरी बसलेला असतो, त्याचं नाव बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम. एखादा सेल जास्त भरला, जास्त रिकामा झाला किंवा तापला, तर तो सर्किट तोडतो. सगळे सेल सारख्या पातळीवर आणायचं कामही त्याचंच. हे काम महत्त्वाचं अशासाठी की, सिरीजमधला सगळ्यात दुबळा सेल पूर्ण पॅकची मर्यादा ठरवतो. एकोणीस जण ठणठणीत असले तरी विसावा आजारी पडला की, गाडी त्याच्याच तब्येतीने चालते.

डॅशबोर्डवरचे १०० टक्के

आता मूळ मुद्दा. बिल्डिंगच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी हजार लिटरची आहे, पण वर्षानुवर्षं तळाशी गाळ साचत गेलाय. आता ती काठोकाठ भरली तरी पाणी आठशे लिटरच मावणार. बाहेरच्या काचेच्या नळीत मात्र पाणी काठापर्यंतच दिसणार!

बॅटरीत या दोन गोष्टींना दोन नावं आहेत. आज टाकी किती भरली आहे ते एसओसी, म्हणजे स्टेट ऑफ चार्ज. मूळच्या मानाने टाकी आता केवढी उरली आहे ते एसओएच, म्हणजे स्टेट ऑफ हेल्थ. डॅशबोर्डवर दिसते ती एसओसी. तीन वर्षं वापरलेली बॅटरीही पूर्ण चार्ज झाल्यावर १००च दाखवणार. सौदा करताना आपल्याला हवी असते ती एसओएच, आणि ती बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर नसतेच. सर्व्हिस सेंटरला गाडी जोडून तिचा रिपोर्ट मिळत असेल, तर तो आधी मागावा. नाहीतर मोजावी लागते. ती पद्धत पुढे दिली आहे.

टक्केवारी काढायचीही एक रीत आहे. बीएमएस बॅटरीतून किती करंट किती वेळ गेला याची बेरीज ठेवतो आणि तेवढं वजा करत जातो. या बेरजेत बारीक चुका साठत जातात, म्हणून अधूनमधून व्होल्टेज बघून तो हिशोब जुळवतो. पूर्ण चार्ज झाल्यावर हा ताळेबंद सगळ्यात चांगला जुळतो. त्यामुळे महिनोन् महिने अर्धवट चार्ज केलेल्या गाडीची टक्केवारी कधीकधी एकदम उडी मारते. अशी उडी दिसली तर घाबरू नका. दोन-तीनदा पूर्ण चार्ज करून, गाडी थोडी विसावू देऊन परत बघा. तरीही ४० वरून थेट २५ वर येत असेल, तर मात्र एखादा सेल मागे पडला असण्याची शक्यता धरा आणि सौदा थांबवा.

"अजून इतके किलोमीटर" हा आकडा

काही गाड्या उरलेलं अंतर दाखवतात. हा अंदाज असतो. निवडलेला मोड आणि आतापर्यंतची चाल बघून गाडी तो मांडते. कल्याण-शिळ रोडवर ट्रॅफिकमध्ये हळू चाललात, तर आकडा फुगतो. पुढे मुंब्रा बायपासचा चढ लागला की झरझर उतरतो. चढावर मोटर जास्त करंट ओढते, बॅटरीच्या अंतर्गत रोधामुळे व्होल्टेज पडतो. बॅटरी जेवढी जुनी, तेवढा हा रोध जास्त. म्हणून ट्रायल घेताना सपाट रस्त्यावर फिरून येऊ नका. पत्रीपुलाचा असो की बायपासचा, एक चढ घ्याच, आणि तो बॅटरी २५-३० टक्क्यांवर असताना घ्या. भरलेली बॅटरी चढावर सगळ्यांचीच चांगली वाटते.

कंपनीने आरव्ही ४०० साठी सांगितलेली रेंज इको मोडला १५०, नॉर्मलला १०० आणि स्पोर्टला ८० किलोमीटर. बॅटरी तीच, मग एवढा फरक का? इकोमध्ये वेग ४५ ला अडतो, नॉर्मलमध्ये ६५ ला, स्पोर्टमध्ये ८५ ला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, हे त्याचं मुख्य कारण. तेव्हा कोणी "माझी दीडशे देते" म्हणालं की, कुठल्या मोडला, ते आधी विचारा.

चावी फिरवल्यावर सगळे इशारा-दिवे क्षणभर लागून विझले पाहिजेत. एखादा लागतच नसेल, तर तो बिघडलाय किंवा मुद्दाम काढलाय. तापमानाचा इशारा, साइड-स्टँडचा दिवा, मोड बदलणं, ट्रिप मीटर हे सगळं उभ्या-उभ्या तपासा. बॅटरी फार उतरली की गाडी आपणहून वेग कमी करते. तो दोष नव्हे, घरापर्यंत पोचवायची सोय आहे.

मोजून बघू या : एक छोटं प्रॅक्टिकल

घेण्यापूर्वी मी गाडी पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगितली होती. नॉर्मल मोडला ११ किलोमीटर चालवली, तेव्हा १०० ची ८७ झाली. १३ टक्क्यांत ११ किलोमीटर, म्हणजे पूर्ण बॅटरीत सुमारे ८५. पण थांबा. डॅशबोर्ड पूर्णांकातच दाखवतो, म्हणजे १३ चे १२ किंवा १४ असू शकतात. त्याप्रमाणे उत्तर ७९ ते ९२ च्या मध्ये कुठेही येतं. एवढ्या अंदाजावर सौद्यापुरतं भागतं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मात्र सर सही करणार नाहीत.

गाडी घेतल्यावर नीट मोजणी केली. डोंबिवलीला पूर्ण चार्ज करून निघालो. डोंबिवली-ठाणे-डोंबिवली-ठाणे अशा तीन फेऱ्या, प्रत्येकी सुमारे २२ किलोमीटर, एकूण ६६. मोड नॉर्मल. शेवटी २० टक्के उरले, म्हणजे ८० टक्के खर्च. मग पार्किंगमधल्या सबमीटरवर आकडा लिहून १०० पर्यंत चार्ज केली. मीटरवर २.५५ युनिट पडले.

भिंतीतून आलेली सगळी वीज बॅटरीत जात नाही, चार्जर थोडी उष्णतेत घालवतो. चार्जरची कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर :

बॅटरीत गेलेली ऊर्जा = २.५५ × ०.८८ = २.२४ युनिट
पूर्ण क्षमता = २.२४ ÷ ०.८० = २.८० युनिट
एसओएच = २.८० ÷ ३.२४ = सुमारे ८६ टक्के
खर्च = २२४० वॅट-अवर ÷ ६६ = किलोमीटरला ३४ वॅट-अवर

कार्यक्षमता ८५ धरली तर एसओएच ८४ च्या घरात येते, ९० धरली तर ८८ च्या. म्हणून माझं उत्तर "८४ ते ८८" असं आहे. पूर्ण बॅटरीत ८२ किलोमीटर, आणि पहिल्या कच्च्या मोजणीत आलेले ८५ याच्याशी जुळतात. साधारण ८० टक्क्यांच्या खाली एसओएच गेली की बॅटरी म्हातारी झाली असं मानतात. त्या मानाने माझी अजून नोकरीत आहे! दर सहा महिन्यांनी हीच मोजणी त्याच रस्त्यावर, त्याच मोडला करायची असं ठरवलंय. एका आकड्यापेक्षा तो किती वेगाने उतरतो हे जास्त सांगून जातं.

किलोमीटर कमी म्हणजे बॅटरी चांगली?

इथे पेट्रोलच्या गाडीची सवय नडते. लिथियम-आयन सेल दोन प्रकारे झिजतो : वापराने आणि नुसत्या काळाने. उन्हात, पूर्ण चार्ज अवस्थेत पडून राहिलेली गाडी न चालताही म्हातारी होते. म्हणून ओडोमीटरइतकंच आरसी बुकातला उत्पादनाचा महिना-वर्ष बघा.

याच्या उलट, वर्षभर बंद पडून बॅटरी पार रिकामी झालेली गाडी तर त्याहून धोक्याची. सेल फार खाली उतरला की, आतल्या ऋण इलेक्ट्रोडचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. परत चार्ज करताना ते तांबं नको तिथे साचतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. "चार्जिंगला लावली की होईल चालू" असं कोणी म्हणालं, तर स्वतः चार्जिंगला लावू नका. फुगलेला, दबलेला, उघडून परत बंद केलेला पॅक कितीही स्वस्तात मिळाला तरी नको.

आपल्या भागात पावसाचाही विचार करावा लागतो. उल्हास आणि वालधुनीचं पाणी कल्याण परिसरात शिरतं, हे नव्याने सांगायला नको. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून पाणी आत जात नाही, अशी चाचणी. पण ती नव्या पॅकवर झालेली असते. रबरी सील पाच पावसाळ्यांनंतर तसंच असेल याची खात्री नाही. कनेक्टर काढून आत हिरवट गंज किंवा सुकलेला चिखल आहे का, बघा.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला भर रस्त्यात एका इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला. त्या उन्हाळ्यात देशात अशा आणखी घटना घडल्या आणि त्यानंतर एआयएस १५६ हे सुरक्षा-मानक कडक झालं : १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. त्यामुळे गाडी या तारखांच्या आधीची की नंतरची, हा प्रश्न जरूर विचारा.

होस्टेलसाठी खास

आरव्ही ४०० ची बॅटरी काढता येते. म्हणून ती उचलून खोलीत आणायचा मोह होतो. हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खोलीत चार पलंग, गाद्या, पुस्तकं आणि बाहेर पडायला एकच दार. लिथियमची बॅटरी पेटली की विषारी, ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि विझल्यासारखी वाटून ती परत पेटते. चार्जिंग पार्किंगमध्येच, जिन्यापासून दूर, अर्थिंग असलेल्या पक्क्या सॉकेटवर, कंपनीच्याच चार्जरने. एक्स्टेन्शन बोर्ड नको. धूर किंवा सूं-सूं आवाज आला, तर बॅटरीच्या जवळ न जाता जमल्यास मेन बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा. रेक्टर सरांनी पार्किंगला सबमीटर बसवून दिलाय. पूर्ण चार्जला सव्वातीन युनिटच्या आसपास लागतात. त्याचे पैसे भरावेत, म्हणजे पुढच्यांसाठी सोय टिकेल.

कागद आणि फोन

फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी आपल्या नावावर झाली पाहिजे. आपल्याकडे एमएच ०४ म्हणजे ठाणे आणि एमएच ०५ म्हणजे कल्याण आरटीओ. गाडी कर्जावर असेल, तर बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ हवा. बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या. पॅकवरचा नंबर मूळ गाडीचाच आहे का, तेही सर्व्हिस सेंटरला विचारा.

आणि एक गोष्ट, जी हमखास राहून जाते. अशा गाड्या मोबाइल अ‍ॅपला जोडलेल्या असतात. जुन्या मालकाचं खातं तसंच राहिलं, तर गाडी कुठे उभी आहे हे त्याच्या फोनवर दिसू शकतं. पैसे देण्यापूर्वी, त्याच्या समोरच, खातं आपल्या नावावर करून घ्या.

मित्रहो, जुनी गाडी घेणं यात काही कमीपणा नाही, आणि ८५ टक्क्यांची बॅटरी घेणं यातही नाही. फक्त किंमत शंभरची देऊ नका. ज्यांना गाडी बघायला जायचंय त्यांनी वही-पेन घेऊन आदल्या दिवशी मला पार्किंगमध्ये गाठावं. आकडेमोड मिळून करू.