एक संगणक, एक भाषा, अनेक आवृत्त्या

मोखाडा तालुक्यांतील सूर्यमाळ व त्याच्या भोवतालचा मुलूख डोंगरउताराचा आहे. येथील शेतकरी भात, नागली व वरई हीं पिकें घेतो. आणि भाताचें बियाणेंहि तो एकाच जातीचें ठेवीत नाहीं. ज्या उतारावरून पाणी लौकर ओसरतें तेथें तो हळवें भात लावतो, कारण तें थोड्या दिवसांत तयार होतें. जेथें ओल टिकते अशा खोलगट शेतांत तो गरवें भात लावतो, कारण त्यास अधिक दिवस लागतात. दोन्ही भातच, परंतु त्यांचें बीं तो एका कणगींत घालीत नाहीं. घातलें तर एकाच शेतांत अर्धें पीक पिकून गळूं लागेल व अर्धें हिरवेंच उभें राहील.

विद्यार्थिमित्रहो, आज ज्या विषयाची ओळख करून द्यावयाची आहे, त्याचें मर्म या शेतकऱ्याच्या व्यवहारांत आहे. तो विषय म्हणजे, एकाच संगणकावर एकाच संगणकभाषेच्या अनेक आवृत्त्या परस्परांस बाध न आणतां कशा नांदवाव्या, हा होय.

संगणकास काम सांगण्याकरितां मनुष्यानें ज्या भाषा रचिल्या, त्यांपैकीं पायथॉन ही आज शाळा-महाविद्यालयांत फार शिकविली जाते. गीडो व्हान रॉसम या डच गृहस्थानें ती १९८९ च्या डिसेंबरांत रचावयास घेतली व १९९१ सालीं लोकांपुढें ठेविली. भाषेंत दोष आढळतात, नव्या गरजा उत्पन्न होतात; म्हणून तिचे कर्ते वेळोवेळीं सुधारलेली आवृत्ति काढतात. पायथॉनची दुसरी मालिका २००० सालच्या ऑक्टोबरांत सुरू झाली आणि तिसरी ३ डिसेंबर २००८ रोजीं आली. तिसऱ्या मालिकेंत कर्त्यांनीं कांहीं जुने दोष मुळापासून काढावयाचे ठरविलें. त्यामुळें दुसरींत लिहिलेली प्रत्येक आज्ञावली तिसरींत जशीच्या तशी चालेल, ही शाश्वती उरली नाहीं. दुसऱ्या मालिकेची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली व २.७.१८ ही तिची अखेरची आवृत्ति त्याच वर्षींच्या एप्रिलांत निघाली.

हा फरक किती मोठा, तें एका उदाहरणानें पाहूं. सात पायल्या नागली दोन घरांत सारखी वाटावयाची आहे. तिसऱ्या मालिकेंत साताला दोननें भागलें, तर ३.५ हें उत्तर येतें. दुसऱ्या मालिकेंत तीच ओळ दिली, तर उत्तर ३ येतें. कारण पूर्णांकास पूर्णांकानें भागतांना ती उत्तरहि पूर्णांकच देत असे. मग प्रत्येक घराची अर्धी पायली कोठें गेली? संगणकानें कांहीं तक्रार केली नाहीं, तांबडी खूण दाखविली नाहीं. त्यानें शांतपणें निराळें उत्तर दिलें.

दुसरें उदाहरण आपल्या मायबोलीचें घ्या. ‘मराठी’ या शब्दाची लांबी किती, असें तिसऱ्या मालिकेस विचारलें, तर ती ५ सांगते. कारण म, र, काना, ठ व दीर्घ वेलांटी अशीं पांच चिन्हें ती मोजते. यूटीएफ-८ या संकेतपद्धतींत लिहिलेला तोच शब्द दुसऱ्या मालिकेस साध्या रीतीनें दिला, तर ती १५ सांगते. कारण ती चिन्हें न मोजतां बाइट मोजते, व त्या पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापतें.

यावरून ध्यानांत येईल कीं, आवृत्तिभेदानें होणारे दोष दोन प्रकारचे असतात. कांहीं गाजावाजा करून येतात. उदाहरणार्थ, ‘प्रिंट’ ही आज्ञा दुसऱ्या मालिकेंत कंसावांचून चालत असे. तिसरींत कंस नसेल तर आज्ञावली चालतच नाहीं, व चूक तत्काळ कळते. दुसऱ्या प्रकारचे दोष मुकाट्यानें येतात, वरच्या अर्ध्या पायलीसारखे. पहिल्यापासून त्रास होतो. दुसऱ्यापासून नुकसान होतें.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं. मुंबईंत पवई येथील आय. आय. टी. मध्यें ‘फॉसी’ नांवाचा प्रकल्प आहे. त्या प्रकल्पांत प्रमाणभूत पाठ्यपुस्तकांतील सोडविलेलीं उदाहरणें पायथॉनमध्यें उतरवून सर्वांकरितां विनामूल्य खुलीं केलीं आहेत. त्यांतील पुष्कळशा वह्या दुसऱ्या मालिकेच्या काळांतील आहेत. आज एखादा विद्यार्थी नव्या संगणकावर अशी वही उघडतो, ती चालत नाहीं, आणि ‘मलाच कांहीं येत नाहीं’ अशी त्याची समजूत होते. वास्तविक दोष त्याच्या बुद्धीचा नसतो, वहीच्या कर्त्याचाहि नसतो. गरव्याच्या शेतांत हळव्याचें बीं पडलेलें असतें, इतकेंच.

मग उपाय काय? प्रथम संगणक आवृत्ति कशी निवडतो तें समजून घ्यावें. आपण ‘पायथॉन’ असें म्हटलें, म्हणजे तो आपल्याजवळच्या जागांच्या यादींत क्रमानें शोध घेतो व त्या नांवाचें जें प्रथम सांपडेल तें चालवितो. वर्गांत एकाच नांवाचे दोन विद्यार्थी असले, तर हांक मारतांच पुढच्या बांकावरचा उठतो, तसेंच हें. या यादीस ‘पाथ’ म्हणतात. घोटाळा बहुधा येथेंच होतो: आपणांस हवा असतो मागचा, उठतो पुढचा.

म्हणून नुसतें नांव न घेतां आंकडाहि सांगावा. विंडोज संगणकावर प्रत्येक आवृत्ति आपापल्या निराळ्या जागीं बसवितां येते, आणि ‘पाय’ या आज्ञेपुढें एक लहान आडवी रेघ व ३.८ असा आंकडा लिहिला कीं तीच आवृत्ति उठते. लिनक्स व मॅक यांवर ‘पायएन्व्ह’ नांवाचें साधन वापरतात. तें यादीच्या अगदीं आरंभीं द्वारपाळासारखें उभें राहतें, कामाच्या फोल्डरांतील एका लहानशा फाईलमध्यें कोणता आंकडा लिहिला आहे तें वाचतें, आणि त्या आवृत्तीकडे काम सोंपवितें.

परंतु आवृत्ति निराळी केली म्हणजे सर्व झालें असें नाहीं. पायथॉनबरोबर तयार आज्ञावल्यांचे संच, म्हणजे लायब्रऱ्या, वापराव्या लागतात. आणि त्यांच्याहि आवृत्त्या असतात. शाळेंत एकाच संगणकावर अनेक मुलें काम करतात. एकानें आपल्या कामाकरितां एखादी लायब्ररी नवी केली, कीं दुसऱ्याचें काल चाललेलें काम आज बंद पडतें. यास्तव २०१२ सालीं आलेल्या ३.३ या आवृत्तीपासून ‘व्हेन्व्ह’ हें साधन भाषेबरोबरच मिळूं लागलें. तें प्रत्येक कामाकरितां निराळी कणगी बांधून देतें. त्या कणगींत घातलेल्या लायब्रऱ्या त्या कामापुरत्याच राहतात. शेजारच्या कणगीस त्यांचा स्पर्श होत नाहीं.

येथें एक इशारा द्यावासा वाटतो. लिनक्सच्या बहुतेक प्रकारांत पायथॉन आधींपासूनच असतो, व संगणकाचीं स्वतःचीं कांहीं कामें त्यावर चालतात. त्यास काढूं नये, बदलूं नये. हें मूळ बियाण्याला हात घालण्यासारखें आहे. २०२३ सालीं निघालेली डेबियनची बारावी आवृत्ति तर त्यांत परस्पर लायब्ररी घालूं पाहणाऱ्यास अडविते व निराळी कणगी बांधण्याचा सल्ला देते.

तसेंच, जुनी आवृत्ति ठेवावी म्हणजे तिच्यावरच कायम बसावें, असा अर्थ नव्हे. हल्लीं पायथॉनची नवी आवृत्ति दरवर्षीं ऑक्टोबराच्या सुमारास निघते व तिला सुमारें पांच वर्षें सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळतात. पुढें मिळत नाहींत. म्हणून जुनी आवृत्ति जुनें काम वाचण्यापुरती व नव्या उत्तराशीं ताडून पाहण्यापुरती ठेवावी, आणि नवें काम नव्या आवृत्तींत करावें.

सुज्ञ पालकांसहि एक विनंति आहे. या साधनांस पैसे पडत नाहींत. मुलानें वा मुलीनें संगणकावर एकाच नांवाच्या दोन-तीन वस्तु ठेवलेल्या दिसल्या, तर अडगळ समजून त्या काढून टाकूं नयेत. कोणती कशाकरितां आहे, एवढें मात्र जरूर विचारावें. जें पाल्य याचें उत्तर नीट देऊं शकतें, त्याला विषय समजला आहे असें खुशाल समजावें.

शेवटीं सर्वांत सोपा व सर्वांत उपेक्षित नियम. आज्ञावलीच्या पहिल्या ओळींत ती कोणत्या आवृत्तींत लिहिली तें लिहून ठेवा, आणि वापरलेल्या लायब्रऱ्यांची आंकड्यांसह यादी त्याच फोल्डरांत ठेवा. कणगीवर खूण नसेल, तर घरच्या माणसालाहि पुढच्या पावसाळ्यांत आंत कोणतें बीं आहे तें आठवत नाहीं. जो खूण करून ठेवितो, त्याचें काम त्याच्या मागून येणाऱ्यासहि पेरतां येतें.

स्वाध्याय

१. आपल्या शाळेंतील संगणकावर पायथॉनच्या कोणत्या आवृत्त्या आहेत, तें शोधून वहींत लिहा.
२. तिसऱ्या मालिकेंत सातापुढें एक तिरपी रेघ व दोन, आणि सातापुढें दोन तिरप्या रेघा व दोन, अशीं दोन्ही उदाहरणें करून उत्तरांतील फरकाचें कारण सांगा.
३. आपल्या नांवांत किती चिन्हें आहेत तें प्रथम हातानें मोजा, मग संगणकास विचारा, आणि दोन्ही उत्तरें ताडून पहा.