सरकारी वकिलांचे कार्यालय : साहाय्यकाची जबाबदारी

शासनाविरुद्धच्या दाव्यात न्यायालयासमोर उभे राहतात ते जिल्हा सरकारी वकील; परंतु त्या दाव्याची पूर्वतयारी होते ती त्यांच्या कार्यालयातील साहाय्यकाच्या टेबलावर. हा कर्मचारी युक्तिवाद करीत नाही, कायदेविषयक सल्लाही देत नाही. कागद आणि तारीख या दोन गोष्टी सांभाळणे, हे त्याचे काम.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ८० अन्वये शासनावर दावा लावण्यापूर्वी सामान्यतः दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मागणी रास्त असल्यास ती न्यायालयाबाहेरच मान्य व्हावी, हा यामागील हेतू. म्हणूनच अभिप्रायासाठी आलेली नोटीस फायलीत पडून राहता कामा नये.

समन्स बजावल्यापासून कैफियत देण्यास ३० दिवसांची मुदत असते. न्यायालय कारणे नोंदवून ती ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. या अवधीत साहाय्यकाने संबंधित खात्याकडून वादपत्रावर परिच्छेदनिहाय अभिप्राय मागवावेत. वाद गायरानाचा असल्यास सातबारा उतारे, फेरफार व मोजणी नकाशे परस्परांशी ताडून पाहावेत.

निकाल विरुद्ध गेल्यास प्रमाणित प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज करावा. दिवाणी हुकूमनाम्यावरील अपिलास जिल्हा न्यायालयात ३०, तर उच्च न्यायालयात ९० दिवस मिळतात. प्रत तयार होण्यास लागणारा काळ त्यातून वगळला जातो. अर्ज करण्यास केलेला विलंब मात्र वगळला जात नाही.

नोंदवहीतील एक तारीख चुकली, तर गावाचे गायरान बाजू न मांडताच हातचे जाऊ शकते, याचे भान साहाय्यकाने सदैव ठेवावे.